वर्म बुडू द्या: मऊ प्लॅस्टिकने बास पकडायला शिकताना

लाईन फेकली, वर्म (मऊ प्लॅस्टिकची अळी, म्हणजे आपलं आमिष) पाण्यात पडला आणि हात लगेच रिळाच्या मुठीवर गेला. नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं. आमिष ओढत राहिलं तरच मासा फसेल, असं मनात पक्कं बसलेलं असतं. पहिल्या मोसमात मीही दिवसचे दिवस फेकायचं आणि गुंडाळायचं एवढंच केलं, आणि एकही बास हाती लागला नाही. मग पाण्यावर बरीच वर्षं काढलेल्या एका माणसाने माझा हात रिळावरून अलगद बाजूला केला. "तळ लागेपर्यंत हात लावायचा नाही," एवढंच तो म्हणाला. थोड्याच वेळात बुडणाऱ्या वर्मच्या लाईनने जागच्या जागी बोटभर उडी मारली. तो माझा पहिला बास.

या लेखात सामानापासून मासा परत पाण्यात सोडेपर्यंत सगळं क्रमाने सांगतो. पण सगळ्यात जास्त जागा दिली आहे ती वर्म बुडत असतानाच्या त्या काही सेकंदांना, कारण नव्या माणसाचे मासे तिथेच निसटतात.

मासा कसा आहे

इथे बास म्हणजे लार्जमाउथ बास. हा गोड्या पाण्यातला मासा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, पण गळाच्या शौकापायी माणसांनी तो जगभरातल्या अनेक तळ्यांत आणि धरणांत नेऊन सोडला. अंग हिरवट, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा, आणि तोंड एवढं मोठं की मिटल्यावर वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ बास. त्याचा जबडा डोळ्याच्या खालीच संपतो. वर्मला दोघंही लागतात.

बास दबा धरून शिकार करतो. बुडालेलं खोड, पाणवनस्पतींची कड, खडकाची सावली अशा जागी तो जवळजवळ निश्चल उभा असतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झटक्यात तोंड उघडतो. तोंड उघडताच आतली पोकळी फुगते, पाणी आत खेचलं जातं आणि त्याबरोबर भक्ष्यही. तो चावत नाही, ओढून घेतो. या सगळ्याला निमिषभर पुरतो. आत गेलेली गोष्ट कडक किंवा परकी वाटली तर ती थुंकायलाही तेवढाच वेळ लागतो. मऊ प्लॅस्टिकचा फायदा इथे आहे. त्याचा स्पर्श जिवंत अळीसारखा असतो, म्हणून बास ते तोंडात जरा जास्त वेळ ठेवतो. तेवढ्या वेळात तुम्हाला काय घडलं ते ओळखायचं असतं.

असा वर्म बनवून लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांत अमेरिकेतले निक क्रीम आणि त्यांच्या पत्नी कोस्मा यांचं नाव पहिलं घेतलं जातं. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी १९४९ मध्ये त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात व्हिनाइल, तेलं आणि रंग एकत्र शिजवून साच्यात ओतले. पुढे त्यांचा धंदा टेक्सासमधल्या टायलरला गेला. आजचे वर्मही मुळात तसेच आहेत. काहींच्या प्लॅस्टिकमध्ये मीठ मिसळतात, त्यामुळे ते जड होतात आणि वजन न लावताही बुडतात. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

सामान

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम किंवा मध्यमहून थोडा जड, आणि वाकताना शेंड्याकडेच वाकणारा घ्या. असा शेंडा पटकन सरळ होतो, त्यामुळे मासा अडकवायला दिलेला झटका गळापर्यंत पोचतो आणि बारीकशी टकटकही हाताला कळते. रीळ कुठलं घ्यायचं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. नव्या माणसाने स्पिनिंग रीळ घ्यावं, २५०० किंवा ३००० मापाचं. बेटकास्टिंग रीळ जड वजनाला आणि जाड लाईनला उत्तम, पण फेकताना अंगठ्याने त्याचं चाक आवरायला शिकावं लागतं. नाहीतर चाक लाईनच्या पुढे धावतं आणि लाईनचं घरटं होतं. ते दुसऱ्या वर्षासाठी राहू द्या.

लाईनचे तीन प्रकार दिसतील. साधी नायलॉनची मोनोफिलामेंट लाईन ताणली की लांबते आणि चूक पोटात घालते. फ्लुओरोकार्बन बुडते, पाण्यात कमी दिसते आणि तळाची खबर हाताला चांगली देते. विणलेली ब्रेड लाईन जवळजवळ ताणतच नाही, पण तरंगते आणि नितळ पाण्यात उठून दिसते. माझ्या मते सुरुवातीला १० ते १२ पाउंड ओढ सोसणारी मोनो किंवा फ्लुओरोकार्बन लावा आणि वर्षभर तीच ठेवा. हात एका लाईनला सरावला की फरक आपोआप कळायला लागतात.

गळ ऑफसेट प्रकारचा हवा. त्याच्या नेढ्याजवळ दांड्याला इंग्रजी झेडसारखी एक मोड असते. सहा इंची वर्मला ३/० माप, सात-आठ इंचीला ४/०. शून्यासकट लिहिलेल्या या मापांत आकडा मोठा तसा गळ मोठा. प्रत्येक गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच सरकवून बघा. टोक नखात रुतलं तर धार आहे. घसरलं तर कानशीने धार लावा किंवा गळ बदला.

वजन बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, आरपार भोक असलेलं. साडेतीन, पाच आणि सात ग्रॅम अशी तीन मापं पुरतात. वजनं पूर्वापार शिशाची असत. पण पाण्यात हरवलेलं शिसं पक्षी गिळतात आणि त्यांना विषबाधा होते. हंसांच्या मृत्यूंमुळे ब्रिटनने १९८७ मध्ये बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली. टंगस्टनची वजनं महाग पडतात, पण तेवढ्याच वजनाला आकाराने लहान असतात आणि दगडाला लागली की खणकन हाताला कळतात. परवडत असेल तर तीच घ्या.

वर्मच्या रंगांत मात्र हरवू नका. पाणी नितळ असेल तर हिरवट-तपकिरी, गढूळ असेल तर काळा किंवा काळा-निळा. सहा इंची सरळ शेपटीच्या वर्मची या दोन रंगांची दोन पाकिटं पहिल्या वर्षाला भरपूर झाली. वळणदार शेपटीचे वर्म नंतर घ्या. गढूळ पाण्यात त्यांची वळवळ माशाला जाणवते.

पोलराइज्ड चष्मा मात्र पहिल्याच दिवसापासून हवा. त्याने पाण्यावरची चमक कापली जाते आणि लाईन दिसते, आणि डोळ्यावर गळ येण्यापासून बचावही होतो. पक्कडही सोबत ठेवा.

गाठ

पालोमर गाठ शिका, एवढी एकच पुरेल. लाईन दुमडून दुहेरी करा आणि तो वळसा गळाच्या नेढ्यातून ओवा. दुहेरी लाईनची एक साधी सैल गाठ मारा, गळ खाली लोंबकळू द्या. आता पुढचा वळसा पूर्ण गळावरून पलीकडे काढा. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. सुकी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने लाईन कमजोर होते, फ्लुओरोकार्बन तर जास्तच. मग दोन्ही टोकं हळू पण घट्ट ओढा आणि उरलेलं टोक तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा. घरी बसून ही गाठ वीस वेळा मारा, शेवटच्या पाच डोळे मिटून. पहाटेच्या अंधारात, थंडीने बोटं गारठलेली असताना त्याचा उपयोग कळेल.

टेक्सास रिग

वर्म गळाला लावायच्या पद्धती, म्हणजे रिग, बऱ्याच आहेत. पहिली हीच शिका, कारण यात गळाचं टोक प्लॅस्टिकमध्ये लपलेलं असतं आणि वर्म फांद्यांतून, गवतातून न अडकता निघून येतो. बास राहतो तिथेच त्याला टाकता येतं.

आधी वजन लाईनमध्ये ओवा, निमुळतं टोक रॉडकडे आणि बसकी बाजू गळाकडे. मग गळ बांधा.

आता वर्म हातात घ्या. गळाचं टोक वर्मच्या डोक्याच्या बरोबर मधोमध घुसवा. साधारण अर्धा सेंटिमीटर सरळ आत जाऊ द्या आणि मग बाजूने बाहेर काढा. गळ पुढे ओढत न्या, वर्मचं डोकं वर सरकत नेढ्यापर्यंत येईल आणि ती झेडसारखी मोड डोक्यात जाऊन बसेल. नेढं जेमतेम लपलं पाहिजे.

इथे गळ अर्धा वळसा फिरवा, म्हणजे टोक वर्मच्या अंगाकडे येईल.

यानंतरच्या टप्प्यात घाई करू नका. वर्म सरळ लोंबकळू द्या आणि गळ त्याच्या शेजारी धरा. गळाचा वाक वर्मच्या ज्या जागेशी येतो, तिथे नखाने हलकी खूण करा. त्या खुणेवर वर्म किंचित वर उचलून टोक आरपार काढा, वर्मचं अंग त्यावरून सरकवा आणि सोडा. वर्म आता गळाच्या दांड्याला समांतर, अगदी सरळ दिसला पाहिजे. मध्ये फुगला असेल तर खूण शेपटीकडे जास्त गेली. ताणला असेल तर डोक्याच्या फार जवळ झाली. दोन्ही वेळा गळ काढून पुन्हा लावा. वाकडा वर्म पाण्यात गरगर फिरतो, लाईनला पीळ पडतो, आणि असा फिरणारा वर्म बास सहसा घेत नाही.

शेवटी बाहेर आलेलं टोक प्लॅस्टिकच्या वरच्या सालीत किंचित रुतवा, जेमतेम मिलिमीटरभर. झटका दिला की टोक लगेच बाहेर येईल, पण फांदीला घासलं तर आतच राहील.

दाट गवतात टाकायचं असेल तर वजन वर्मच्या डोक्याशी घट्ट ठेवण्यासाठी एक छोटा रबरी स्टॉपर लाईनवर लावा. स्टॉपर नसेल तर वजनाच्या भोकात दात कोरायची काडी खुपसून टोक मोडा. नाहीतर वजन गवतातून खाली जातं आणि वर्म वरच लटकत राहतो. उघड्या तळावर मात्र वजन मोकळं राहू द्या. ते आधी बुडतं आणि वर्म त्याच्या मागून सावकाश येतो.

वॅकी रिग

ही टेक्सासपेक्षा सोपी, आणि उथळ पाण्यात कधीकधी जास्त मासे देते. मीठ मिसळलेला पाच इंची जाड वर्म घ्या आणि एक लहान गळ, १/० किंवा २/०, त्याच्या बरोबर मध्यातून आडवा टोचा. वजन लावायचं नाही. वर्म बुडायला लागला की दोन्ही टोकं थरथरतात, आणि ती थरथर बासला फार भुलवते. वर्मच्या मध्यावर एक रबरी कडं चढवून गळ त्यात अडकवा, म्हणजे वर्म लवकर फाटत नाही. गळाचं टोक उघडं असतं, म्हणून हा रिग फांद्यांच्या आत न टाकता त्यांच्या कडेला, लाकडी धक्क्याच्या सावलीत, गवतातल्या मोकळ्या खिडक्यांत टाका.

कुठे टाकायचा

नव्या माणसाला तळं म्हणजे नुसतं मोठं, सपाट पाणी दिसतं. त्यात बदल शोधा. गवत संपून मोकळं पाणी लागतं ती रेषा, वाळूचा तळ संपून दगड सुरू होतात ती जागा, पाण्यात शिरलेलं जमिनीचं टोक, उथळ भाग एकदम खोल होतो तो उतार, पाण्यात कोसळलेलं झाड. उघड्या मधल्या पाण्यात बास मिळतो, पण त्याला तिथे शोधायला अनुभव लागतो.

पडलेल्या झाडाकडे जाताना थेट त्याच्या मधोमध फेकू नका. आधी बाहेरच्या फांद्यांची टोकं, मग मधल्या फांद्या, सगळ्यात शेवटी बुंध्याजवळची सावली. पहिल्याच फेकीला आत शिरलात आणि मासा लागला, तर त्याला बाहेर ओढताना झुंजीच्या गडबडीत बाकीचे पळून जातात. वर्म फांदीवर पडला तर लगेच ओढू नका. शेंडा हलकेच हलवून त्याला फांदीवरून खाली घसरू द्या. बासचा ठोका, म्हणजे त्याने वर्म तोंडात घेतल्याची खूण, मला सगळ्यात जास्त वेळा याच घसरण्यात मिळाला आहे.

वसंतात पाणी साधारण १६ अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की बास उथळ पाण्यात घरटी करतात. नर शेपटीने तळ साफ करतो, मादी अंडी घालून जाते आणि नरच अंडी आणि पिल्लं राखत बसतो. अशा नराला आमिषाने चिडवणं सोपं असतं. त्याला उचललं तर मधल्या वेळात दुसरे मासे अंडी खाऊन टाकतात, म्हणून घरटं दिसलं तर मी ते सोडून पुढे जातो. तुम्हीही जावं, असं मला मनापासून वाटतं. उन्हाळ्यात पहाट आणि संध्याकाळ बरी, दुपारी सावली आणि खोल कडा. पाणी गार झालं की मासा सुस्त होतो, तेव्हा वर्म आणखी हळू, जवळजवळ पडू देऊन ठेवायचा.

बुडणं

आता तो मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. बासचे बहुतेक ठोके वर्म पहिल्यांदा खाली जात असताना पडतात. जखमी किंवा बेसावध जीव खाली घसरत जातो तसा तो त्याला दिसतो. म्हणून फेकल्यानंतर पहिलं काम म्हणजे वर्म सरळ खाली जाईल अशी लाईन सोडणं.

वर्म पाण्याला टेकला की शेंडा थोडा खाली करा आणि रिळावरून अजून एखादा हात लाईन मोकळी द्या. पतंगाला ढील द्यावी तसं. लाईन ताणलेली ठेवली तर वर्म घड्याळाच्या लंबकासारखा तुमच्याकडे झुलत येतो आणि ज्या फांदीजवळ टाकला तिच्यापासून लांब पडतो. ढील दिली तर जिथे पडला तिथेच खाली जातो.

पण ढिलाईत लाईन नजरेआड जाता कामा नये. ती पाण्यावर पसरलेली असते आणि एका जागी पाण्यात शिरते. नजर त्या जागेवर ठेवा. बुडताना लाईन सावकाश, एकसारखी आत ओढली जाते. मनात आकडे मोजा. समजा दहाच्या सुमारास लाईन थांबली आणि सैल पडली. म्हणजे तळ लागला. त्याच जागी पुढच्या फेकीला सहावरच थांबली, तर वर्म तळाला गेलेला नाही. कुणीतरी तो घेतला आहे.

बासचा ठोका म्हणजे रॉड हातातून ओढून नेणारा हिसका, असं कित्येकांना वाटतं. तसंही कधी होतं. पण जास्त वेळा लाईन जागच्या जागी एक इंच उडी मारते. कधी पाण्यात शिरणारी जागा हळूच डावीकडे सरकते. कधी जवळ उभ्या असलेल्या माशाने वर्म तोंडात घेतला की लाईन बुडता बुडता एकदम सैल पडते. आणि कधी काहीच दिसत नाही, फक्त शेंडा उचलल्यावर वजन नेहमीपेक्षा जड, ओल्या कापडासारखं वाटतं. सुरुवातीला यातलं काहीही घडलं तरी मासाच आहे असं समजा. चुकलात तर फक्त एक झटका वाया जाईल.

तळ लागल्यावर काय? पाच-सात सेकंद काहीच करू नका. मग शेंडा घड्याळातल्या नवाच्या काट्याजवळून अकराच्या काट्यापर्यंत हळूच वर न्या. वर्म तळावरून उठेल, थोडा पुढे येईल. शेंडा पुन्हा खाली आणा, सैल झालेली लाईन गुंडाळा आणि वर्म परत बुडू द्या. आणि पुन्हा नजर लाईनवर. रिळाने वर्म ओढायचा नाही. रीळ फक्त ढील आवरायला. आमिष हलतं ते रॉडने.

दगडाला लागल्यावरची टकटक आणि माशाची टकटक यांतला फरक एका दिवसात कळत नाही. दगड एकदाच लागतो आणि कडक लागतो. गवत चिकट वाटतं, ओढलं की सुटतं. लहान मासे शेपटीला टोचे मारतात तेव्हा भराभर बारीक धक्के येतात. बासचा ठोका बहुतेकदा एक किंवा दोन, आणि मग शांतता. त्या शांततेत त्याने वर्म तोंडात धरलेला असतो.

झटका आणि ओढ

ठोका कळला की घाबरून थेट रॉड मागे ओढू नका. शेंडा वर्मच्या दिशेने खाली न्या, सैल लाईन दोन-तीन वळशांत गुंडाळून घ्या, वजन हाताला लागलं की लगेच दोन्ही हातांनी रॉड वर उचला, जोरात आणि एका दमात. टेक्सास रिगमध्ये गळाला आधी प्लॅस्टिक आणि मग जबड्याचं हाड भेदायचं असतं, म्हणून जोर लागतो. वॅकीत गळ बारीक आणि उघडा असतो. तिथे नुसती लाईन ताठ करून रॉड भरकन उचलला तरी भागतं. ठोक्यापासून झटक्यापर्यंत सेकंदभर पुरे. "अजून नीट गिळू दे" असं म्हणून थांबलात, तर गळ घशात जातो आणि मासा मरू शकतो.

ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की रिळावरून लाईन सुटू देणारी योजना, आधीच लावून ठेवा. लाईनच्या ताकदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाइतक्या ओढीला लाईन सुटायला हवी. मासा लागल्यावर रॉड वाकलेला ठेवा. लाईन ढिली पडली की गळ निसटतो. बास पाण्याबाहेर उडी मारतो आणि डोकं झटकतो. तो वर येतोय असं दिसलं की शेंडा पाण्याकडे खाली करा, म्हणजे उडी लहान पडते. फांद्यांजवळ लागला असेल तर पहिले काही सेकंद त्याला आत शिरू देऊ नका, तिथे जोर लावावाच लागतो.

हाताळणी

बासच्या तोंडात कापणारे दात नसतात, खरखरीत कागदासारखा पृष्ठभाग असतो. हात ओला करा. अंगठा खालच्या ओठाच्या आत, बोटं बाहेर, आणि मासा उचला. लहान मासा असा उभा धरला तरी चालतो. मोठा मासा मात्र नुसत्या जबड्यावर आडवा लटकवू नका, सगळा भार जबड्यावर येऊन तो मोडू शकतो. दुसरा हात पोटाखाली द्या. सुका हात, टॉवेल किंवा गरम दगड लागला की त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि रोगापासून त्याचा बचाव त्या थरावरच असतो. फोटो काढायचा तर आधी कॅमेरा तयार ठेवा आणि मग मासा पाण्यातून काढा.

उलटा काटा पक्कडीने चेपून टाकला तर गळ सहज निघतो, माशाच्या तोंडातून आणि तुमच्या बोटातूनही. गळ खोल गेला असेल आणि दिसत नसेल, तर ओढाताण करू नका. लाईन शक्य तितकी गळाजवळ कापा आणि मासा सोडा. घशातून ओरबाडून काढण्यापेक्षा त्याला जगायची संधी जास्त मिळते.

नियम

कुठेही गळ टाकण्याआधी तिथला परवाना, मोसम आणि मापाची मर्यादा बघा. आणि बास मूळचा नसलेल्या ठिकाणी नियम वेगळाच असू शकतो, कारण हा मासा नव्या पाण्यात तिथले लहान मासे फस्त करतो. जपानमध्ये तो १९२५ मध्ये आशी तळ्यात आणला गेला आणि नंतर देशभर पसरला. २००५ पासून तिथे परक्या प्रजातींच्या कायद्याखाली बास जिवंत वाहून नेण्यावर आणि नव्या ठिकाणी सोडण्यावर बंदी आहे. बिवा तळ्यात तर पकडलेला बास परत सोडायलाही मनाई आहे. याच तळ्यातून २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी १०.१२ किलोचा बास काढला आणि १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात केलेल्या विक्रमाशी बरोबरी साधली. कुठल्याही परिस्थितीत एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात सोडू नका.

फाटलेले वर्म

दोन-तीन मासे लागले की वर्मचं डोकं फाटतं. फाटलेला तुकडा पाण्यात टाकू नका. मासे तो गिळतात, पोटात तो फुगतो आणि बाहेर पडत नाही. मी खिशात एक झिपची पिशवी ठेवतो, सगळे तुकडे तिच्यात. डोकं फाटलं असेल तर तेवढं कापून उरलेला छोटा वर्म पुन्हा लावता येतो.

न वापरलेले वर्म त्यांच्या मूळ पाकिटातच राहू द्या. मी एकदा वर्म आणि लाकडी-प्लॅस्टिकची कडक आमिषं एकाच डब्यात ठेवली. महिन्याभराने डबा उघडला तेव्हा वर्मच्या प्लॅस्टिकमधल्या तेलाने कडक आमिषांचा रंग विरघळून चिकट लगदा झाला होता आणि डब्याचा तळही मऊ पडला होता. वेगवेगळे रंग एकत्र ठेवले तरी ते एकमेकांत उतरतात. आणि डास पळवणारं मलम लावलेल्या हाताने वर्म किंवा लाईन धरू नका. त्यातलं डीट (DEET) हे रसायन प्लॅस्टिक विरघळवतं.

पाण्याशिवायचा सराव

पाण्यावर जायच्या आधी घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या. टेक्सास रिग बांधून लाईन मोकळ्या जागेत वीस-पंचवीस पावलांवर सोडा, गळाचं टोक कापून टाका आणि वर्म त्यांच्या हातात द्या. तुम्ही रॉड धरून डोळे मिटा. त्यांना सांगा, कधी चिमटीत वर्म हलकेच दाबायचा, कधी बोटभर बाजूला न्यायचा, कधी नुसतीच लाईन सैल सोडायची, आणि कधी काहीच करायचं नाही. प्रत्येक वेळी काय झालं ते मोठ्याने सांगा. आधी ताठ लाईनवर करा, मग ढिलीवर. नंतर डोळे उघडा आणि हाच खेळ फक्त लाईनकडे बघत, रॉड जमिनीवर ठेवून करा. दोन संध्याकाळी हे केलंत तर पहिल्या दिवशी पाण्यावर लाईन बोटभर सरकली, की हात रॉडकडे जाण्याआधी नजर तिथे पोचलेली असेल.